बाबांचा पेला

ती. ताईस पाठच्या भावाचा नमस्कार.

माझी काळजी सोड, खोकला गेला. डॉक्टरीणबाईंना आधी क्षयाची शंका होती. खोलीतल्या सोबत्यांपासून मी आपणहून ताट वेगळं केलं. मग रक्तात दोष दिसला म्हणून थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर जंतांची पिल्लं वळवळत होती! फुप्फुसात जंत, ऐकलंयस कधी? दोन दिवस गोळ्या घेतल्या, आता जिना चढताना दम लागत नाही.

त्यांनी विचारलं, "कधी अनवाणी चिखलात काम केलंय?" म्हटलं, बाबांबरोबर विटांचा चिखल तुडवण्यातच बालपण गेलं. म्हणाल्या, हे तळव्यातून शिरतात आणि वर्षानुवर्षं अंगात राहतात. म्हणून तूही तपासून घे, खोकला नसला तरी. चालढकल करू नकोस.

मी आणखी एक विचारलं, हे उष्ट्या पेल्यातून होतं का? त्या हसून म्हणाल्या, "छे हो!"

बाबा यानेच गेले असं मी म्हणत नाही. नुसत्या खोकल्यावरून क्षय ठरला, त्यांची थुंकी कोणी तपासलीच नाही. पण ते ओट्यावर एकटे जेवायचे आणि आपल्याला उंबरठा ओलांडायची बंदी होती, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला हे वाचून दाखवू नकोस. फक्त खिडकीत अजून वेगळा ठेवलेला बाबांचा पेला घासून आपल्या पेल्यांत ठेव. तिने विचारलं तर सांग, पाहुणे आले होते, एक कमी पडत होता.

तुझा,
धाकटा