रस्त्यात असलेला फॉर्म

मंगळवार, संध्याकाळ

आजच लिहून ठेवते.

उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. माझे कागद, सूचकांच्या सह्या, सगळं तयार. फक्त पक्षाचा एबी फॉर्म यायचा होता, त्याशिवाय पक्षाचं चिन्ह मिळत नाही. आमचे शहराध्यक्ष सकाळपासून फोनवर एकच सांगत होते, "ताई, फॉर्म रस्त्यात आहे." एक वाजता मी विचारलं, "मग तोवर अपक्ष म्हणून भरून टाकू का?" तर म्हणाले, "नको, लोकांत चुकीचा मेसेज जाईल. रस्त्यात आहे म्हटलं ना." आणि मी थांबले. बारा वर्षं इंदिरानगरात या पक्षासाठी दारं वाजवली, तरी इतकी भोळी कशी राहिले मी?

तीनला निवडणूक कार्यालयाचं फाटक माझ्यासमोर बंद झालं. मग आतून आलेल्या एका वकिलांनी सांगितलं, आमच्या प्रभागाचा एबी फॉर्म सकाळी अकरालाच जमा झालाय. एका बिल्डरच्या बायकोच्या नावाने. ती परवा पक्षात आली!

तिकिटं कापली जातात, हे मी पाहिलंय. पण मी अपक्ष उभी राहू नये म्हणून मला तीनपर्यंत बसवून ठेवलं. हे डोक्यातून जात नाही.

आत्ता अध्यक्षांचा फोन आला. "ताई, उद्यापासून प्रचाराला या. बायका तुमचंच ऐकतात."

"म्हणूनच येणार नाही," मी म्हणाले. "आणि का येत नाही, ते प्रत्येकीला सांगणार आहे."

आवाज अजिबात कापला नाही. रडू आलं ते फोन ठेवल्यावर.