स्टॅकचा अंदाज आणि न्हाणीघराचे दार

चि. मेहुण्यास,

मी, तुझ्या थोरल्या बहिणीचा पती, वाणिज्य शाखेचा पदवीधर व मुरलेला लेखापाल, तू न्हाणीघराच्या दाराला चाचणीसाठी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कुलपामुळे आत अडकलो असून, तीव्र निषेध नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुझी प्रकृती ठणठणीत असल्याचे दाराबाहेरच्या शिटीवरून कळते. माझी ओली आहे. (तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही, म्हणून कागद दाराखालून सरकवीत आहे. वाचायला आत आणलेल्या तुझ्याच चाचणी-अहवालाची ही कोरी बाजू.)

बूटलोडर म्हणजे कुलपात सर्वांआधी जागा होऊन नवा प्रोग्राम आत घेणारा द्वारपाल, हे तूच मला शिकवलेस. त्याचे एक काम दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि प्रत्येकाचे तात्पुरते सामान एकावर एक रचले जाते; हाच तुझा स्टॅक. ढीग नेमून दिलेल्या जागेत मावला नाही, की शेजारच्या मेमरीत कोसळतो. म्हणून तो जास्तीत जास्त किती चढेल, याचा अंदाज आधी बांधायचा असतो. तू काय केलेस? रिकाम्या जागेत खुणा भरल्यास, प्रोग्राम सुरळीत चालवलास, किती खुणा पुसल्या गेल्या ते पाहिलेस आणि म्हणालास, "निम्मी जागा शिल्लक आहे, भाऊजी. बिनधास्त अंघोळ करा!" अरे, पाहुणे नसलेल्या दिवशी घर ऐसपैस असल्याचा दाखला देण्यातला हा प्रकार! "आणि मध्येच काही बिनसले तर?" असे मी स्पष्ट विचारले होते. "तर कुलूप 'बिघाड' असं दाखवेल की!" आज नवा प्रोग्राम इंटरनेटवरून अर्धवटच उतरला, आणि तो संदेश जुळवणारे काम आपले सगळे बिऱ्हाड घेऊन ढिगाच्या शेंड्यावर चढले. पडद्यावर 'बि' उमटला आणि कुलूप गतप्राण झाले. आगीची वर्दी देणाऱ्यानेच घर पेटवावे, आणि नेमकी तीच वाट तू मोजू नयेस! (आत्ता बाहेरून "भाऊजी, धीर धरा, मोजतोय" असे ऐकू येते. वरातीमागून घोडे.)

मोजणे पुरे. बिजागऱ्या तुझ्या बाजूला आहेत; पेचकस घे.

ता. क. "जुनी कडी राहू द्या हो," असे तुझी बहीण बजावत होती. एका दाराला दोन बंदोबस्त हा अपव्यय, असे सांगून ती मीच काढायला लावली. तुझी बहीण बाजारातून परतण्यापूर्वी मी बाहेर आणि कडी जागेवर हवी. तिला अवाक्षर कळता कामा नये.

ता. क. दुसरा. प्रोग्राम अर्धवट का उतरला, याच्या खोलात शिरू नकोस. खोली सोडताना सर्व बटणे बंद करण्याची माझी शिस्त तुला ठाऊक आहे. बाहेरच्या खोलीतला राउटर गुपचूप चालू कर.

तुझा (कुडकुडणारा),
भाऊजी

स्थळ : न्हाणीघर, आतली बाजू
दिनांक : आजचाच, तुझी बहीण जिना चढण्यापूर्वी