गच्चीवरचा मृग

मी, रोहिणी कल्याण म्हस्के, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार केडगाव, माझ्यामागे काय कुणाचे, ते आज स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. दोन ओळी लिहिल्या की उठते, जिन्यापर्यंत जाते, परत येते. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे मीच फाडली आहेत. ती रद्द समजावीत.

१. मला दोन अपत्ये. मुलगा ओंकार माझ्याजवळच राहतो. मुलगी दिशा कोपरगावला दिली आहे. सदरहू घर माझ्या पगारातून आणि यजमानांच्या टेम्पोवर उभे राहिले, ते माझ्या नावावर आहे. खालचे घर ओंकारचे. बँकेतली ठेव आणि माझे दागिने दिशाचे. यावर कुणी तोंड वाकडे करू नये.

२. आता गच्ची. माझा जीव इथेच अडकला आहे. ओंकारला तिथे मोबाईलचा टॉवर बसवायचा आहे. "आई, घरबसल्या भाडं येईल. नाहीतरी रिकामीच पडलीय." रिकामी! अरे, त्या रिकाम्या गच्चीवर सतरंज्या टाकून मी शाळेतल्या पोरांना सप्तर्षी दाखवले. त्यातल्या दोघांच्या रेघेने ध्रुव कसा गाठायचा, ते शिकवले. तूही त्यात होतास, पण तुझे लक्ष भेळेकडे. टॉवर आला की जिन्याला कुलूप लागणार आणि किल्ली परक्या माणसाकडे जाणार. ते मला मेल्यावरही चालणार नाही. सबब, गच्ची दिशाला.

३. टॉवरवाल्या माणसाला घरी घेऊन येणारे माझे दीर कानिफनाथ यांना माझी लोखंडी शिडी द्यावी. एवढी हौस आहे तर चढा म्हणावे. दुसरे काही देऊ नये. तेराव्याला मात्र आठवणीने जेवायला बोलवावे, नाहीतर गावभर बोंब मारतील.

४. दुर्बीण शेजारच्या आलिया शेखला. ईदचा चाँद बघायला ती दर वर्षी माझ्याच गच्चीवर येते आणि माझ्याआधी शोधते. लाल जिलेटीन कागद बांधलेली बॅटरीही तिलाच द्यावी. ओंकारकडे बॅटरी गेली तर तो कागद फाडून भगभगीत उजेड पाडेल, आणि मग तारे कुठले दिसायला!

५. यजमानांशी असलेले भांडण मी कुणालाही देत नाही. ते माझे एकटीचे आहे. आमचे लग्न जूनमधले. पुणतांब्याच्या घराच्या मातीच्या धाब्यावर नेऊन त्यांनी मला दक्षिणेकडे बोट करून दाखवले, "त्यो बघ, मृग." तो होता वृश्चिक! वाकडी नांगी, छातीत तांबडी ज्येष्ठा, सरळसरळ विंचू. मी नवी नवरी, पण गप्प बसेन तर शपथ. म्हटले, "अहो, मृग लागतो तेव्हा सूर्यच मृगात असतो. ते तारे त्याच्याबरोबर उगवतात, त्याच्याबरोबर मावळतात. रात्री दिसतीलच कसे? मृग बघायचा तर हिवाळ्यात." तर म्हणाले, "अगं, मृग लागलाय, मग मृग न्हाई तर काय दिसंल?" झाले. जन्मभर दर जूनला हेच.

त्यांच्या शेवटच्या जानेवारीत, दिवेलागणीनंतर, मी आणि दिशाने त्यांना धरून वर नेले. पूर्वेला मृग चांगला वर आला होता. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, खाली व्याध नुसता झगझगत होता. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "लई देखना हाय गं तुजा विंचू." हरलो म्हणायचे नाही ते नाहीच. मी हसता हसता रडले.

६. इथवर लिहून आत्ता पुन्हा जिन्यात गेले होते. ओंकार वर नातीला कडेवर घेऊन उभा होता. ढगांना फट पडली होती आणि तो दक्षिणेकडे बोट दाखवत होता. "ते बघ बाळा, मृग. मृग लागलाय ना, मग मृगच दिसणार." बोट विंचवावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्षिकेचा मुलगा आणि ही अक्कल! ओरडायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. आवाज हुबेहूब यांचा होता. मान तिरकी करायची ढबसुद्धा तीच. मला यांची इतकी आठवण आली की पायरीवरच बसले.

७. सबब, कलम २ मधील शेवटचे वाक्य रद्द. गच्ची ओंकार आणि दिशा या दोघांची, अविभक्त. टॉवर, पत्र्याची शेड, जाहिरातीची पाटी, काहीही उभारायचे तर दोघांच्या सह्या लागतील. दिशा सही देणार नाही, हे मला माहीत आहे. हिवाळ्यात ओंकारने बहिणीला माहेरी घेऊन यावे आणि तिने भाचीला खरा मृग दाखवावा. जूनमध्ये गच्ची ओंकारची. तेव्हा त्याने विंचवाला खुशाल मृग म्हणावे. ही चूक त्याला वडिलांकडून वारशाने मिळाली आहे. ती मोठ्यांपैकी कुणी दुरुस्त करू नये, दिशाने तर मुळीच नाही. नात मोठी झाली की तीच त्याच्याशी भांडेल. तोवर गच्ची उघडी राहिली पाहिजे.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: रोहिणी कल्याण म्हस्के

साक्षीदार:
१. गोरक्षनाथ भालसिंग, केडगाव
२. बजरंग ठुबे, केडगाव

ठिकाण: केडगाव, अहिल्यानगर
दिनांक: १८ जून २०२५, मृग नक्षत्र (दिसत नाही)