मामांचं वय आणि सरकारची छडी

लुकांग, ५ जून १९०४

चि. बुनथाम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यातच गुंडाळून एक चापट.

तू तैपेईच्या वर्तमानपत्रात लागल्यापासून तुझं लिखाण कुणीतरी मनापासून वाचावं, अशी माझी फार इच्छा होती. ती परवा पुरी झाली. मात्सू देवीच्या देवळामागे पैसे लावून पत्ते कुटताना आपले होकलाई मामा आणि होड्यांच्या फटी बुजवणारा आ-साई, दोघेही पकडले गेले. मोरिवाकी हवालदारानं त्यांना चौकीत उभं केलं आणि कारकुनाकडून तुझा लेख मोठ्यानं वाचून घेतला. त्यात तू लिहिलंस, गुन्हेगाराला तुरुंगात ठेवणं म्हणजे त्याला फुकट भात घालणं. इथल्या माणसाला लाज नसते, फक्त वेदना कळते. म्हणून जपानी सरकारच्या नव्या कायद्यातली छडीच त्याला योग्य. मामा म्हणे मान डोलावत ऐकत होते. लेख संपल्यावर हवालदाराला म्हणाले, लिहिणारा आमचा भाचा आहे, त्याला अक्षरं मीच शिकवली.

आता हसून झालं असेल तर ऐक. दोघांना सध्या घरी सोडलंय, पण पुढच्या आठवड्यात चौकीचे मोठे साहेब निकाल देणार. आई-बाबा गेल्यावर देवळाचे कंदील रंगवून ज्यानं आपल्याला वाढवलं, त्याला बाकावर पालथं पाडून फटके मारणार. तू कायदा एवढा छान समजावून सांगितला आहेस, तर आता त्यातून बाहेर कसं पडायचं तेही सांग.

लोभ होताच. तो ठेवायचा की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवते.
तुझी ताई,
सिऊलुआन


तैपेई, ८ जून

ती. सौ. ताईस,
गाल चोळत साष्टांग नमस्कार.

चापट पोचली. तो लेख माझा नाही, आमच्या संपादकसाहेबांचा. मी फक्त भाषांतर केलं. म्हणजे, फुकटच्या भाताचं वाक्य माझं. ते सगळ्यांना फार आवडलं होतं, म्हणून मलाही आवडलं. काल रात्री भाताचं ताट समोर आलं, तेव्हा मात्र ते आवडेनासं झालं.

इथे या कायद्यावरून जपानी साहेबलोकांतच जुंपली आहे. जी छडी त्यांनी स्वतःच्या देशात वीसेक वर्षांपूर्वी रानटी म्हणून मोडून टाकली, ती इथे कशी शोभते, असं हिरात्सुका नावाचे एक वकील विचारत फिरतात. त्यांना उत्तर मिळतं की तुरुंग भरलेत आणि छडी स्वस्त पडते.

पण तू काळजी करू नकोस. कायदा मी पुन्हा वाचला. साठी गाठलेल्या पुरुषाला छडी मारता येत नाही. आपल्या बारा प्राण्यांच्या बारा वर्षांच्या फेऱ्यात मामा ड्रॅगनच्या वर्षातले, यंदा एकसष्टावं चालू. त्यांनी फक्त वय सांगायचं, की दंडावर सुटले. आ-साईचं मात्र मला काही सुचत नाही.

माझ्यावरचा लोभ निदान या महिन्यापुरता तरी चालू ठेव.
तुझा,
बुनथाम


लुकांग, १७ जून

चि. बुनथाम यास,
आशीर्वाद. या खेपेला चापट नाही, हात दुखतोय. कशानं ते पुढे येईलच.

फक्त वय सांगायचं, असं तू किती सहज लिहितोस. मामांनी चौकीत वय सांगितलंय पंचावन्न. कारण बंदराजवळ शेवयांची गाडी लावणारी विधवा खिम. ती बावन्नची, म्हणून हे पंचावन्नचे. कंदिलाच्या काजळीनं मिशा काळ्या करून रोज तिच्याकडे शेवया खायला जातात, आणि वाफ लागली की मिशी ओघळते. मी पाया पडून सांगितलं, मामा, खरं वय सांगा. तर म्हणाले, फटके चार भिंतींच्या आत बसतील, वय मात्र सगळ्या बंदरावर जाहीर होईल. मला फटके चालतील.

मग मीही त्यांचीच भाची. रात्रभर पीठ मळलं, म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला करतात ती पिठाची लाल कासवं वाफवली आणि सकाळी दारोदार वाटली. आमच्या मामांचा साठीचा वाढदिवस गडबडीत राहून गेला होता, म्हटलं. खिमकडे दोन पाठवली, चौकीवर मोठी पाटी भरून. मोरिवाकीनं मिटक्या मारत खाल्ली आणि कुणाचा वाढदिवस ते विचारलं.

निकालाच्या दिवशी मामा ताठ उभे राहून पंचावन्नच म्हणाले. मोठे साहेब हुशार. त्यांनी जन्माचं वर्ष कुठल्या प्राण्याचं, ते विचारलं. मामांनी वय ठरवलं होतं, प्राणी नव्हता ठरवला. पंचावन्नला कुत्रा येतो. मामा तिथे थांबले. आयुष्यात सगळं केलं, पण स्वतःला कुत्रा म्हणवून घेणं काही त्यांना जमेना. ड्रॅगन, असं छाती काढून म्हणाले. साहेबांनी बोटं मोजली, ड्रॅगन म्हणजे एकोणपन्नास नाहीतर एकसष्ट, मिशीकडे नुसतं पाहिलं आणि एकसष्ट लिहून घेतलं. दंडावर सुटले. माझ्याशी अजून बोलत नाहीत.

आ-साई पंचविशीतला, धडधाकट. दंड भरायची ऐपत नाही. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि फटके सोसेल असं सांगितलं. आम्ही बायका भिंतीबाहेर उभ्या होतो. तो ओरडला नाही. आवाज फक्त छडीचा येत होता. त्याविषयी याहून जास्त लिहीत नाही.

लोभ आहे. तुझ्या हातून काही चांगलं लिहून झालं तर वाढेल.
ताई


तैपेई, २५ जून

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, आणि लाल कासव एकही न पाठवल्याबद्दल तक्रार.

इथल्या वकीलमंडळात छडीवर वाद ठेवला होता. मला दुभाषी म्हणून बोलावलं. कायदेखात्यातले एक बडे साहेब तेच बोलले, या बेटावरच्या माणसाला अब्रूची जाणीव नाही, कातडीचीच आहे. मग इथल्या माणसाचं मत म्हणून मलाच विचारलं. मी घाबरलो होतो, ताई. वाद घालणं मला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मामांची गोष्ट सांगितली. एका विधवेला आपलं वय कळू नये म्हणून फटके मागणारा माणूस. आणि शेवटी विचारलं की या माणसाला कातडी जास्त प्यारी की अब्रू.

सभा पोट धरून हसली. हिरात्सुका वकील टेबल बडवत होते. बडे साहेबही हसले, डोळे पुसले, आणि म्हणाले, असा एखादा अपवाद असायचाच. मग सगळे चहाला उठले. कायदा होता तसाच आहे. मी आ-साईची गोष्टही सांगणार होतो, पण ती ऐकायला कुणी बसून राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संपादकसाहेबांनी मला बोटींच्या वेळा लिहायला बसवलं. आता माझ्या लिखाणानं कुणाचं वाईट होणार नाही. बोट उशिरा आली तर गोष्ट वेगळी.

लोभ वाढला का, ते कळव.
तुझा,
बुनथाम


लुकांग, २ जुलै

चि. बुनथाम यास,
नुसतेच आशीर्वाद, अगदी भरभरून.

मामांनी खिमशी लग्न केलं. बोलावणं धाडायलासुद्धा वेळ दिला नाही. खिम म्हणाली, मिशी पहिल्याच वाडग्यात ओघळली तेव्हाच वय समजलं होतं; स्वतःहून कधी सांगतो, तेवढंच बघायचं होतं. ड्रॅगनचं ऐकलं आणि हो म्हणाली.

जेवण खिमच्या अंगणात होतं, चौकीच्या अगदी समोर. खिमनं मोठ्या पातेल्यात शेवया केल्या होत्या. आ-साईला मामा हाताला धरून घेऊन आले. त्याला अजून बसता येत नाही. तो बिचारा भिंतीशी उभा राहून वाडगा हातात घेऊन खाऊ लागला. मामा नवरदेवाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, उठले, खुर्ची उचलून घरात ठेवून आले आणि त्याच्याशेजारी उभ्यानं जेवू लागले. मग खिम उठली. मग मी. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण बघता बघता सगळं अंगण उभं. म्हाताऱ्या बायका काठीला टेकून उभ्या. मुलांना तर गंमतच वाटली.

तेवढ्यात मोरिवाकी हवालदार आला. खिमनं त्यालाही वाडगा दिला, अगदी काठोकाठ. त्यानं बसायला स्टूल शोधलं. अंगणात दहा-बारा स्टुलं रिकामी होती, आणि एकाही माणसानं टेकलेलं नव्हतं. त्यानं एकदा आ-साईकडे पाहिलं. मग तोही उभ्यानंच जेवला, आणि पूर्ण वाडगा संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

लोभ पुष्कळ आहे, तू फक्त घेत राहा.
तुझी ताई