बुधरीच्या वाट्याची मोहफुलं

भिलाई,
ता. ५ मार्च १९५८

मुखरूभाऊस बिरजूचा नमस्कार. पुढं विनंती लिहायची रीत आहे, ती मी पाळत नाई.

अन् पुन्हा तेच केलं ना तू? मोहाची फुलं गळाले लागली की शाळा बंद. दुसरीच्या परीक्षेदिवशी मी रानात टोपली घेऊन होतो. मास्तरनं नाव खोडलं. तू म्हणाला, पुढच्या साली पाहू. ते साल अजून आलं नाई. आज इथी विटा वाहून राह्यलो. पगाराच्या कागदावर अंगठा न देता हट्टानं वाकडीतिकडी सही करतो, तर मुकादम हसते.

आता आपल्या बहिणीले चौथीतून काढलं म्हणे. गावाकडून आलेल्या लच्छूनं सांगतलं. तुले लाज काऊन वाटत नाई? बुधरीले परीक्षेले बसव, नाई तर माझं तोंड पाहू नको.

वहिनीस नमस्कार. तुझ्यावर लोभ ठेवायचा का, ते मागून कळवीन.

बिरजू


ता. १४ मार्च १९५८

चि. बिरजूस मुखरूचे आशीर्वाद.

तुझं पत्र घरात वाचलं कोणं? बुधरीनंच. लिहिताना ध्यानात नव्हतं काय? दिवाळीनंतर न सांगता गाडीत बसला, अन् तुझी टोपली तिच्या हाती आली. शाळेतून तिले मी नाई, तू काढलं. तुझ्या वहिनीले सातवा महिना, वाकता येत नाई. फुलं पहाटेपासून वेचा लागतात, नाई तर गुरं खातात. शाळाही सकाळचीच. बुधरी नाई गेली तर तीन मण मोह गेला. वाळल्या मोहाले मणामागं सहा रुपये भाव आहे. दुरून शिव्या देणं सोपं.

तब्येतीले जप.

मुखरू

बिरजूभाऊ, मोठ्या भाऊनं सांगतलं तसंच लिहिलं, फक्त दोन शिव्या गाळल्या. परीक्षा ७ एप्रिलले आहे. मार्च संपायच्या आत आली तर नाव ठेवतो, असं मास्तर म्हणाले.
बुधरी


भिलाई,
ता. १९ मार्च १९५८

मुखरूभाऊस नमस्कार.

न सांगता आलो, हे खरं. सांगतलं असतं तर तू येऊ दिलं नसतं, हेही खरं. ते भांडण संपलं नाई, गावी येऊन करीन.

तोवर बुधरीच्या वाट्याची फुलं मी विकत घेतली, असं समज. गुरांले खाऊ दे. परीक्षेत काय काय विचारलं ते तिनं मले लिहायचं, अन् त्या पत्रात तू एक शब्द सांगायचा नाई.

मनिऑर्डर तुझ्या नावानं आहे. तू अंगठा देशील, त्याखाली साक्षीची सही लागंल. ती बुधरीले करू दे, पाटलाकडं जाऊ नको.

लोभ कमी करायचा असंल तर माझ्यावरचा कर, तिच्यावरचा नको.

बिरजू

तीन मणाचे, तुझ्याच भावानं, रुपये अठरा.