गोळीशिवाय चाललेला खेळ

परभणी, माघातला रविवार, १९९१

अण्णा,

तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. वही रोज लिहिते, त्यामुळे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही. माफ करा. आज तुमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या टेबलावर जे पाहिलं, ते दुसऱ्या कुणाला सांगावं हे सुचत नाही.

परवा जत्रेत खेळ लावणारं एक जोडपं आलं होतं. काचेखाली लोखंडी गोळी उडवायचं त्यांचं पिनबॉलचं मशीन पोखर्णीला बंद पडलं. मशीन जड, म्हणून आतले सर्किट बोर्ड आणि आकड्यांची पट्टी तेवढी पिशवीत घालून आणलेली. नवरा म्हणाला, "गुरुवारी पालमला लावायचंय, ताई. कसंबी करा." बायको मागून म्हणाली, "आन् माझा नंबर जाऊ देऊ नका. समद्यात मोठा आकडा माझा हाय त्याच्यात." नवरा हसला. "त्या दिशी करंट जास्ती आला आसंल, मशीनच येडं झालं." "ऐका! दोन वर्षं झाली, हेच म्हणायलेत. त्या आकड्याबिगर माझ्याकडं दाखवायला हाय काय?"

आज बोर्ड टेबलावर घेतले. एका कोपऱ्यात तीन सेल गळून हिरवा थर चढलेला, तांब्याच्या रेषा खाल्लेल्या. मी सेल काढून टाकले, घासलं, तुटलेल्या रेषा तारेनं जोडल्या. गोळीला धक्का देणाऱ्या कॉइलींच्या जागी स्कूटरचे छोटे दिवे लावले आणि तुमच्यासारखीच थेट लाईट न देता सिरीज बल्बमधून दिली. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. मग मी दोन टोकं वायरनं टेकवते, जणू गोळी खुंटीला लागली. दिवा लागतो, आकडा दहानं वाढतो. पुन्हा टेकवते, पुन्हा वाढतो. अण्णा, गोळी नाही, काच नाही, खेळणारं कुणी नाही, आणि खेळ चालू आहे! तुमच्या रेडिओत व्हॉल्व्ह लाल व्हायचे, काम चाललेलं दिसायचं. या बोर्डावर काहीच तापत नाही, हलत नाही. बी.एस्सी.ला हे शिकले, कागदावर समजावूनही देईन. तरी खेळ संपेपर्यंत मी वायर टेकवतच राहिले.

खेळ संपला आणि आधीचा सर्वांत मोठा आकडा म्हणून शून्य आलं.

लाईट नसताना तो आकडा जपायचं काम त्या तीन सेलचं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. जत्रांतून, टेम्पोच्या धक्क्यांतून, पिशवीतूनसुद्धा त्यांनी तो जपला असेल. की आधीच संपले होते? नववीत असताना मी न मोजताच एक बॅटरी फेकली, तेव्हा तुम्ही भाकरी अर्धी टाकून स्वयंपाकघरातून उठून आला होता: "आधी मोज, मंग हात लाव. मेलं का जित्तं, ते तू ठरवणार व्हय?" आज मी कचऱ्यातून ते तीन सेल काढून मीटर लावला. काटा सव्वातीन व्होल्टवर गेला, आकडा जपायला तेवढं पुरतं. इतके गळूनही.

"सेल गळले होते" एवढंच सांगितलं तर ते खोटं ठरत नाही, आणि नवऱ्याला ते आवडेलही. दुपारभर मी तेच सांगायचं ठरवत होते.

उद्या: त्या बाईंना, नवऱ्याच्या आधी, सांगणे की आकडा बोर्डात होता, माझ्या हातानं गेला.