लळा लागू नये म्हणून

४ मार्च, सोमवार

मोडला नियम. एकदाचा मोडला!

आजवर या शिशुगृहात दर सोमवारी मावश्यांची खोली बदलत असे. आठवडाभर एका खोलीतल्या बाळांना पाजायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं आणि सोमवार उजाडला की दुसरीच्या हवाली करायचं. कारण काय, तर ‘बाळांना लळा लागू नये.’ अधीक्षक म्हणून मला इथे दीडच महिना झालाय. आज, सगळे ज्यांना उंच मावशी म्हणतात, त्यांना बोलावून सांगितलं — ही तीन बाळं तुमची. तुमची सुट्टी सोडली तर दुसरं कोणी त्यांना हात लावणार नाही.

त्या म्हणाल्या, बरं बाई. एवढंच.

संस्थेचे चिटणीस तणतणत आले. हे आधी सभेपुढे यायला हवं होतं म्हणे. म्हटलं, येईल की. तीस तारखेला सभा आहेच. तेव्हा हवं तर मला काढून टाका.

६ मार्च

आठ नंबरच्या पाळण्यातली मुलगी, उंच मावशींच्या तिघांपैकी एक. वय दहा महिने. सगळे तिला गोगलगाय म्हणतात. रडणं नाही, हट्ट नाही. कोणीही उचललं तरी सारखंच हसते. पाहुण्यांची लाडकी. "किती गुणी! कोणाकडेही जाते."

हा गुण? दहा महिन्यांचं मूल कोणाकडेही जातं, तेव्हा त्याला आपलं असं कोणीच नसतं. हे मी व्यासपीठांवरून सांगत आले, भरली सभागृहं गप्प केली. आता सहा किलोच्या माणसासाठी लढायचंय. ती सहा किलोंवर दोन महिने अडकून आहे. दूध चांगलं, बाटल्या स्वच्छ, डॉक्टर दर आठवड्याला. म्हणतात, अंगी लागत नाही. लागेल कसं? प्रत्येक घोट नव्या हातून!

११ मार्च, सोमवार

आज खोल्या बदलल्या, उंच मावशी सोडून. गोगलगाय बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशी म्हणाल्या, "बघतेय कशी! जशी काही मी रस्ता चुकून परत आलेय."

१५ मार्च

वजनात फरक नाही. चिटणीस रोज दारातून डोकावतात आणि निघून जातात. बोलले असते तर बरं होतं, उत्तर तयार आहे.

१९ मार्च

रडली!

मावशी जेवायला उठल्या आणि हिने असं भोकाड पसरलं की फाटकावरचा राखणदार धावत आला. मावशी अर्धं जेवण टाकून परतल्या. कडेवर घेताच गप्प. चिटणीस म्हणाले, लाडावून ठेवलीत. मी म्हटलं, लाडावली नाही, माणसात आली. नोंदवहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं — आज रडली.

२३ मार्च, शनिवार

तिला दत्तक घेऊ पाहणारं जोडपं आलं. गेल्या महिन्यात येऊन गेले होते तेव्हा ती खुशाल त्यांच्याकडे गेली होती. आज बाईंनी हात पुढे केले मात्र — किंकाळी! मावशींच्या मानेत तोंड खुपसलं, निघेचना. नवऱ्याचा चेहरा उतरला. विचार करून कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर चिटणीस सावकाश म्हणाले, "तुमच्या तत्त्वापायी पोरीचं घर गेलं."

२४ मार्च

खरं असेल तर?

२५ मार्च

नाही. खरं नाही. सकाळीच त्या बाईंना फोन लावला. म्हटलं, रोज या. उचलू नका, नुसत्या मावशींशेजारी बसा. ही कोणासाठी तरी रडायला शिकलीये, म्हणूनच उद्या तुमच्यासाठी रडेल. त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? म्हटलं, ते ती ठरवेल.

२९ मार्च

पाचवा दिवस. बाई आणि मावशी चटईवर. मावशी बाईंना शिकवताहेत — बाटली डाव्या हाताने धरा, झोप आली की भुवईवरून बोट फिरवा. गोगलगाय रांगत बाईंपर्यंत जाते, मागे वळून मावशींकडे बघते, परत येते. पुन्हा जाते. मावशी दर वेळी म्हणतात, "जा गं, मी आहे इथे."

मी दारात उभी होते. पुस्तकांत वाचलेलं सगळं त्या चटईवर घडत होतं.

३० मार्च

सभा. चाळीस मिनिटं बोलले. वजनाचा तक्ता फडकवला — चार आठवड्यांत साडेचारशे ग्रॅम! ‘आम्ही बाळांना दुःखापासून वाचवतो’ म्हणणाऱ्यांना विचारलं, माणसापासूनच वाचवून काय राखलंत? सात विरुद्ध दोन. आता प्रत्येक खोलीत हीच पद्धत.

चिटणीस जाता जाता म्हणाले, "बोलता छान, बाई. पण आधीचे काही राक्षस नव्हते." मी म्हटलं, राक्षस नव्हते, पाळण्यातही नव्हते.

६ एप्रिल, शनिवार

गोगलगाय नव्या घरी गेली. फाटकाशी मावशींकडे हात करून रडली, मग नव्या आईच्या खांद्यावर डोकं टाकलं. रडत गेली — हो, ताठ मानेने लिहिते, रडत गेली! ज्यांना हे अपयश वाटतं त्यांनी खुशाल माझ्याशी वाद घालावा.

मावशींना म्हटलं, जिंकलो आपण. त्या म्हणाल्या, हो बाई. आणि बाकीच्या दोघांच्या अंघोळीचं पाणी काढायला गेल्या.

८ एप्रिल, सोमवार

उंच मावशी आल्या नाहीत. भाच्याच्या हाती अर्ज पाठवलाय. ‘मला स्वयंपाकघरात घ्या, नाहीतर कामावरून कमी करा. हे आणखी दोनदा माझ्याने होणार नाही.’

त्यांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

सकाळपासून आत ती दोघं त्यांच्यासाठी रडताहेत.